तार येत नाही

टक्.
डबीतून गोळी पडते चहात,
मसुरीच्या अर्ध्या दाण्याएवढी,
आणि कपभर चहा गोड.
ढवळावंसुद्धा लागत नाही फारसं.

तेहेतीस गळीत हंगाम
मी साखर मोजत काढले.
दर दोन तासांनी रसाचा नमुना,
रात्रपाळीत नळीला डोळा लावून बघायचं
उजेड किती अंश उजवीकडे वळला.
साखरेतून जाताना उजेडसुद्धा
सरळ जात नाही,
हे मला सांगली झोपलेली असताना कळलं,
मळीच्या वासाखाली.

आता नमुना माझाच.
मिरजेच्या डॉक्टरीणबाई आकडा वाचतात,
मी मान खाली घालून उभा,
पॅनवरचा बाळगोंडा माझ्यासमोर राहायचा तसा.

गोळी सुरू झाली त्या वैशाखात
नात मोबाइलवरून वाचते:
आजोबा, यानं कॅन्सर होतो म्हणे.
दिवाळीत:
नाही होत म्हणे. रोज डझनभर बाटल्या रिचवल्या तर कदाचित.
संक्रांतीला, तिळगूळ हातात:
आता हृदयाचं काहीतरी निघालंय.
पण ते दुसऱ्या गोळीचं. तुमची कुठली?
मी विचारतो, उंदरांना किती दिलं होतं?
वजनाच्या मानानं किती? किती महिने?
ती म्हणते, एवढं खाली कोण वाचतं?

विश्रामबागेतला धनपाल मेडिकलवाला
काउंटरवर हिरवी डबी ठेवतो:
ही घ्या सर, पानापासून केलेली, एकदम नैसर्गिक.
धोतराही नैसर्गिकच की, मी म्हणतो.
तो हसतो, आणि डबी तिथेच राहते.

कदाचित.
या शब्दावर सगळे चिडलेत.
मला मात्र तो ओळखीचा वाटतो.

पूर येऊन गेलेल्या एका साली
ऊस कुजका आला, आकडे नाचायला लागले.
तीनदा नमुना घेतला, तीन उत्तरं.
मी रकान्यात लिहिलं: खात्री नाही.
वरिष्ठांनी लाल पेनानं खोडलं.
म्हणाले, शेडबाळे, वर आकडा लागतो,
तुमचा संशय नको.
मी आकडा लिहिला.
तो अजून कुठल्यातरी कपाटात
खरा म्हणून बसलाय.

काल बाळगोंडा आला, आष्ट्याहून, एसटीनं.
तीस वर्षं पाक बोटांवर पारखणारा माणूस.
अंगठा आणि तर्जनी चिकटवून सोडवायचा,
डोळे मिटूनच सांगायचा, आता दाणा धरील.
मी चमच्यात चार गोळ्या विरघळवल्या,
गॅसवर आटवल्या,
त्याच्यापुढे धरल्या, गंमत म्हणून.
त्यानं बोटं बुडवली. चिकटवली. सोडवली.
पुन्हा.
तार येत न्हाई, सायेब.
जे दाणा धरत न्हाई
त्येच्यावर इश्वास कसा ठेवायचा वो?

मी बोलणार होतो.
तेवढ्यात नजर खाली गेली,
त्याच्या डाव्या चपलेतल्या पट्टीकडे.
पायाचा अंगठा गेल्या श्रावणात काढला.
साखर त्यानं सोडली नाही.
साखरेनं तरी कुठं सोडलं त्याला.

त्रिशला तीन कप घेऊन आली:
त्याचा साखरेचा, माझा गोळीचा,
तिचा नुसताच.
तिला काही झालेलं नाही. सोबत म्हणून सोडली, एवढंच.
दर वेळी म्हणते, गोडच कशाला हवं पण?
या प्रश्नावर अजून कुणी
एकाही उंदराला काही विचारलेलं नाही.
चुकून तिनं माझा कप उचलला.
घोट घेतला, थांबली.
आधी गोड, म्हणाली,
आणि मग बराच वेळ काहीतरी.

ते काहीतरी
मला जिभेवर रोज भेटतं.
त्याला एकक नाही.

रात्री वहीत लिहिलं:
दोन गोळ्या. उपाशी पोटी एकशे बेचाळीस.
शेजारच्या रकान्यात
खात्री नाही.
लाल पेन घरात आहे,
नातीच्या दप्तरात.

पण हे रात्रीचं. तेव्हा दुपारी
बाळगोंडानं चहा बशीत ओतला,
फुंकर मारली, एक घोट घेतला
आणि आत हाक दिली,
वैनी, साखर वाईच कमी पडली.